मला बालकवींपेक्षा केशवसुत जवळचे का वाटतात : काव्यवाचन स्पर्धांच्या संयोजकांना खुले पत्र

ठाणे आणि नवी मुंबईतल्या शालेय काव्यवाचन स्पर्धांचे संयोजक आणि मराठीचे शिक्षक यांना

सप्रेम नमस्कार.

मराठी भाषा गौरव दिन जवळ आला की आपल्या दोन्ही शहरांत काव्यवाचनाच्या स्पर्धांचा हंगाम सुरू होतो. शाळा, ग्रंथालये, महिला मंडळे, सोसायट्या, जिकडेतिकडे मुले कविता पाठ करू लागतात. मी ऐरोलीत राहते. अशा स्पर्धांना परीक्षक म्हणून जाते, आणि रविवारी सकाळी आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये आठवी ते दहावीच्या मुलांबरोबर बसून कविता वाचते. यंदा एका स्पर्धेची यादी हाती आली. ‘जुने कवी’ या गटात बालकवींच्या चार कविता होत्या : फुलराणी, श्रावणमास, आनंदी आनंद गडे, निर्झरास. केशवसुतांची एकच, तुतारी. ही यादी कोणाची ते सांगण्यात अर्थ नाही, कारण थोड्याफार फरकाने सगळीकडे हीच यादी असते. म्हणूनच हे पत्र कोणा एकाला न लिहिता तुम्हां सगळ्यांना लिहीत आहे.

माझे म्हणणे आधीच सांगून टाकते. या दोघांत मला केशवसुत अधिक जवळचे वाटतात, आणि ज्या केशवसुतांमुळे ते जवळचे वाटतात ते या यादीत कुठेच नाहीत. बालकवींचेही तसेच. त्यांच्या ज्या कवितांसमोर मी गप्प होते, त्याही यादीत नाहीत. एकाला आपण आरोळीपुरते ठेवले आहे आणि दुसऱ्याला परडीतल्या फुलांपुरते.

आधी बालकवींविषयी लिहिते, कारण त्यांच्यावर माझा राग नाही, उलट फार लोभ आहे. त्र्यंबक बापूजी ठोंबरे, जन्म १८९० चा, खानदेशातल्या धरणगावचा. १९०७ साली जळगावला कविसंमेलन भरले, तिथे या कोवळ्या मुलाची कविता ऐकून अध्यक्ष डॉ. कीर्तिकरांनी त्यांना ‘बालकवी’ म्हटले, आणि ते नाव कायमचे चिकटले. पुढे कवी रेव्हरंड टिळकांच्या घरी ते काही काळ राहिले आणि टिळकांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी त्यांच्यावर पोटच्या मुलासारखी माया केली. १९१८ च्या मे महिन्यात भादली स्टेशनाजवळ रेल्वेखाली सापडून ते गेले. अठ्ठाविसावे वर्षही पुरे झाले नव्हते. त्या नावातल्या ‘बाल’ या दोन अक्षरांनी त्यांचे नुकसान केले असे मला वाटते. आपण त्यांना मुलांचा कवी समजून बसलो, आणि मुलांना द्यायचे म्हणून त्यांचे गोड तेवढे निवडत गेलो.

कारागिरीत मात्र बालकवी केशवसुतांच्या कितीतरी पुढे आहेत, हे मान्य केल्याशिवाय या तुलनेला अर्थ नाही. ‘औदुंबर’ घ्या. आठच ओळी आहेत.

ऐल तटावर पैल तटावर हिरवाळी घेउन
निळासावळा झरा वाहतो बेटाबेटातुन.

चार घरांचे गाव चिमुकले पैल टेकडीकडे
शेतमळ्यांची दाट लागली हिरवी गर्दी पुढे.

पायवाट पांढरी तयांतुनि अडवीतिडवी पडे
हिरव्या कुरणामधुनि चालली काळ्या डोहाकडे.

झाकळुनी जळ गोड काळिमा पसरी लाटावर
पाय टाकुनी जळात बसला असला औदुंबर.

रंग कसे उतरत जातात पाहा. हिरवा, निळासावळा, पुन्हा हिरवा, मग पांढरी वाट, आणि ती वाट थेट काळ्या डोहाशी. कवीने एका शब्दानेही आपले दुःख सांगितलेले नाही. ‘मी’ कुठेच नाही. तरी शेवटच्या ओळीशी आल्यावर वाचणाऱ्याच्या आत काहीतरी थबकते. ‘काळिमा’ला ‘गोड’ म्हणण्याचे धाडस या वयाच्या मुलाने केले आहे! केशवसुतांना हे जमले नसते. त्यांनी त्या झाडाला दोन प्रश्न विचारले असते, त्याची उत्तरे दिली असती आणि शेवटी उद्गारचिन्ह टाकले असते.

मात्र हीच कविता पुन्हा पुन्हा वाचताना एक गोष्ट मला खुपू लागली. या चित्रात माणूस नाही. चार घरांचे गाव आहे, पण घरातून कोणी बाहेर येत नाही. शेतमळे आहेत, पण शेतात कोणी वाकलेले नाही. पायवाट आहे, म्हणजे कोणाच्या तरी पावलांनी ती पडली असणार, पण वाटेवर पाऊल नाही. सबंध कवितेत माणसासारखे बसलेले कोणी असेल तर ते झाड. पाण्यात पाय सोडून बसायचे कामही तेच करते.

मग ‘पारवा’ काढून पाहिली.

भिंत खचली कलथून खांब गेला
जुनी पडकी उद्ध्वस्त धर्मशाळा
तिच्या कौलारी बसुनि पारवा तो
खिन्न नीरस एकांतगीत गातो

धर्मशाळा म्हणजे वाटसरूंनी भरलेली असायची जागा, आणि बालकवींनी नेमकी ती ओस पाडली आहे. ‘फुलराणी’त अख्खे लग्न लागते, वऱ्हाड जमते, पण नवरा नवरी वऱ्हाडी सगळे किरण, वारे, फुले, पाखरे. जाणकार वाचक इथे मला अडवतील आणि म्हणतील, ‘श्रावणमासा’त परडी घेऊन फुले खुडणाऱ्या मुली आहेत, देवदर्शनाला निघालेल्या बायका आहेत, गाणी गात फिरणारा गुराखी आहे. आहेत, आणि ती कविता मलाही पाठ आहे. पण ती माणसे श्रावणाच्या चित्रातले रंग म्हणून आली आहेत. त्या बायकांच्या तोंडावर श्रावणाचे गीत वाचायचे, एवढेच कवी सांगतो. त्यांतल्या एखादीला घरी जाऊन चूल पेटवायची आहे, हे त्या कवितेला ठाऊक नाही. तिने ते ठाऊक करून घ्यावे असा माझा हट्टही नाही. चित्र म्हणून ती पूर्ण आहे. मला फक्त त्या चित्रात राहायला जागा मिळत नाही.

आणि बालकवींनाही ती मिळत नव्हती, असे ‘उदासीनता’ वाचली की वाटते.

कोठुनि येते मला कळेना
उदासीनता ही हृदयाला
काय बोचते ते समजेना
हृदयाच्या अंतर्हृदयाला

आणि पुढे,

येथे नाही तेथे नाही
काय पाहिजे मिळवायाला
कुणीकडे हा झुकतो वारा
हाका मारी जीव कुणाला?

या शेवटच्या ओळीपाशी मी दर वेळी थांबते. हाका मारी जीव कुणाला? हाक आहे, पण ती ऐकणारे कोणी नाही, आणि कोणी नाही हे हाक मारणाऱ्याला आधीच कळलेले आहे. एवढा एकटा प्रश्न मराठीत फार थोड्यांनी विचारला असेल. या कवीला आपण दरवर्षी गालिचे आणि मखमल एवढेच वाचायला लावतो.

आता केशवसुत. मालगुंडचे कृष्णाजी केशव दामले, जन्म १८६६. आयुष्यभर मास्तरकी, तीही अल्प पगाराची. मुंबईत नोकऱ्या केल्या, नंतर खानदेशात भडगाव, फैजपूर इथे शिकवले, तिथून धारवाड, आणि १९०५ च्या नोव्हेंबरात हुबळीला प्लेगने घेतले. चाळिशीही गाठली नाही. आज उपलब्ध असलेल्या त्यांच्या कविता १३५ च्या आसपास, आणि त्यांचे पहिले पुस्तक निघाले १९१७ साली, ते गेल्यावर बारा वर्षांनी. ‘तुतारी’ आणि ‘झपूर्झा’ या दोन्ही कविता १८९३ च्या. त्याच वर्षी ठाण्यात विनायक लक्ष्मण भाव्यांच्या पुढाकाराने मराठी ग्रंथसंग्रहालय उभे राहिले. मुंबईत हा मास्तर जुने जाळून किंवा पुरून टाका म्हणून लिहीत होता, आणि इकडे खाडीकाठच्या गावात काही मंडळी जुनी-नवी मराठी पुस्तके जमवत होती. मला ही दोन्ही कामे एकाच जातीची वाटतात, आणि ठाण्याच्या स्पर्धेत केशवसुतांना एवढीशी जागा मिळते तेव्हा हे साल हटकून आठवते. आपल्या तलावपाळीवरच्या रंगायतनाला ज्यांचे नाव आहे ते गडकरीही, गोविंदाग्रज म्हणून कविता लिहिताना, स्वतःला केशवसुतांचा चेला म्हणवत होते.

तुतारीबद्दल माझी तक्रार कवितेशी नाही, वाचनाशी आहे. पहिला शब्द उच्चारण्याआधीच मुलाची मूठ वर जाते, मान ताठ होते, आणि आवाज माइक फाडत निघतो. पण पहिली ओळ काय आहे?

एक तुतारी द्या मज आणुनि
फुंकिन मी जी स्वप्राणाने

तुतारी त्याच्याजवळ नाही. तो मागतो आहे. कोणीतरी आणून द्या म्हणतो आहे. सुरुवात विनंतीची आहे, आणि ती विनंती हलक्या, कोरड्या पडलेल्या घशाने करायला हवी. आवाज नंतर चढायचा आहे. ‘सावध! ऐका पुढल्या हाका’ इथवर पोचेपर्यंत तो चढत चढत जायला हवा, आणि ‘खांद्यास चला खांदा भिडवुनि’ म्हणताना शेजारी कोणीतरी उभे आहे याचे भान वाचणाऱ्याला हवे. पहिल्याच ओळीत सगळा दारूगोळा संपवणाऱ्या मुलाला आपण टाळ्या देतो, पहिला क्रमांक देतो, आणि पुढच्या वर्षी आणखी दहा मुले तसेच ओरडतात.

तुतारी म्हणजे केशवसुत, हे समीकरणही सोडायला हवे. १८८८ साली त्यांनी ‘अंत्यजाच्या मुलाचा पहिला प्रश्न’ लिहिली. पोराच्या सावलीने विटाळ होतो म्हणून त्याला दरडावले जाते, आणि ते पोर आईला विचारते, असे का? दुसऱ्याच वर्षी ‘मजुरावर उपासमारीची पाळी’. पाठोपाठ आलेल्या या कवितांत एक लहान मूल आहे आणि एक बिनकामाचा माणूस आहे, तेही मराठी कविता अजून राजे, देव आणि शृंगार यांतून पुरती बाहेर आलेली नसताना. या कविता कवितेच्या मापाने थोर आहेत असे मी म्हणणार नाही. भाषा अवघडलेली आहे, बोध अंगावर येतो. पण ठाण्यातल्या कुठल्याही मोठ्या नाक्यावर सकाळी आठला जाऊन उभे राहा. थापी, घमेले, पिशवीत डबा घेऊन माणसे कामाची वाट पाहत असतात. दहा वाजले की उरलेल्यांचे चेहरे पाहवत नाहीत. कोपरखैरणे-घणसोलीतल्या शाळांत माथाडी कामगारांची मुले आहेत, ठाणे-बेलापूर पट्ट्यातला कारखाना बंद झाला म्हणून बापाची नोकरी गेली अशीही आहेत. १८८९ मधली ती कविता या मुलांपुढे ठेवायला आपल्याला कोणी अडवले आहे?

मला केशवसुत जवळचे वाटण्याचे खरे कारण मात्र या दोन कविता नाहीत. ते कारण म्हणजे ‘सतारीचे बोल’, १९०० सालची.

काळोखाची रजनी होती
हृदयी भरल्या होत्या खंती
अंधारातचि गढले सारे
लक्ष्य, न लक्षी वरचे तारे
विमनस्कपणे स्वपदे उचलित
रस्त्यातुनि मी होतो हिंडत
एका खिडकीतुनि सूर तदा
पडले, दिड दा, दिड दा, दिड दा!

ही आणि बालकवींची ‘उदासीनता’ एकाच मापाच्या आहेत. दोन्हींच्या ओळी १६ मात्रांच्या. ‘कोठुनि येते मला कळेना’ मोजा, ‘काळोखाची रजनी होती’ मोजा, सोळाच भरतील. ‘फुलराणी’ आणि ‘तुतारी’चीही मोजणी तीच. एकच चाल घेऊन दोघे किती निराळे चालतात हे मुलांना बोटांवर मात्रा मोजायला लावून दाखवता येते, आणि मुलांना ते आवडते, हा माझा अनुभव आहे. बालकवींची ओळ आठ-आठ मात्रांवर झोके घेते, कुठे खडा लागत नाही. केशवसुतांची ‘विमनस्कपणे स्वपदे उचलित’ मोठ्याने म्हणून पाहा. जीभ अडखळते. ‘स्वपदे’ हा शब्द तर निव्वळ मात्रा भरायला आला असावा असा संशय येतो. पण जड पावले ओढत चालणारा माणूस असाच चालतो! इथे ती अवघड भाषा कवितेच्या कामी आली आहे.

दुःखही एकच आहे. रात्र, मनात खंत, कारण धड सांगता न येणारे. बालकवी त्या दुःखाबरोबर आत आत जातात, हृदयाच्या अंतर्हृदयापर्यंत. केशवसुत रस्त्यावर आहेत. आणि रस्त्याला खिडक्या असतात.

पुढे जे होते ते मराठी कवितेत मी दुसरीकडे पाहिलेले नाही. त्या सुरांनी त्यांना लगेच बरे वाटत नाही. ते चिडतात. माझ्या या मनःस्थितीला वादळ मानवले असते, भुतांचे ओरडणेही आवडले असते, हे गोड सूर नकोत, अशी त्यांची तक्रार आहे.

कारण आतिल विषण्ण वृत्ति
बाह्य भैरवी धरिते प्रीति

हे किती खरे आहे! मन काळे झालेले असताना शेजारच्या घरातले हसणे कानाला टोचते, हे आपल्यापैकी कोणाला ठाऊक नाही? त्वेष येतो, मूठ उगारली जाते. मग कडवे सरते तसे ते सूर हळूहळू त्यांना धरतात. मन विरघळते, डोळे भरतात, वरचे तारे दिसू लागतात, आणि एका क्षणी ‘विसरुनि गेलो अखिला भेदां’ इथवर मजल जाते. शेवटी,

शान्त वाजली गती शेवटी
शान्त धरित्री, शान्त निशा ती
शान्तच वारे, शान्तच तारे
शान्तच हृदयी झाले सारे!

आणि माणूस घरी जाऊन झोपतो. एवढेच. साक्षात्काराचा डंका नाही, घरी जाऊन झोप लागणे हीच कवितेची परिणती आहे. ज्यांनी झोप न लागणाऱ्या रात्री काढल्या आहेत त्यांना याचे मोल सांगायला नको.

ही कविता रविवारच्या वर्गात वाचली तेव्हा बराच वेळ सगळी मुले फक्त ‘दिड दा, दिड दा’ म्हणत होती, वेगवेगळ्या लयीत, बाकावर बोटे वाजवत. मी तशीच म्हणू दिली. नंतर आठवीतल्या एका मुलाने विचारले, ‘‘काकू, वाजवणारा कोण होता?’’ मी म्हटले, कवितेत सांगितलेले नाही. तो पुन्हा पाने चाळू लागला, खात्री करून घ्यायला. त्याच्या शेजारची मुलगी म्हणाली, ‘‘म्हणजे त्याला कळलंच नाही की खाली कोणीतरी रडत होतं.’’ मग त्यांचा वाद सुरू झाला. एकाचे म्हणणे, खिडकीतून त्याने पाहिले असणार. दुसऱ्याचे, काळोख होता, दिसणारच नाही. ती मुलगी मात्र ठाम होती, वाजवणारा आपल्यासाठीच वाजवत होता, आणि तसेच बरे, मुद्दाम कोणाला बरे करायला वाजवले असते तर खालचा माणूस निघून गेला असता. तिचे हे वाक्य मी वहीत लिहून ठेवले आहे. एवढे नेमके भाष्य या कवितेवर मी छापील समीक्षेत वाचलेले नाही.

माझी निवड इथे ठरते. केशवसुतांच्या कवितेत दुसरा माणूस आहे. कधी तो नावाचा नाही, कधी दिसतही नाही, नुसता खिडकीतून ऐकू येतो, पण तो असतो. तुतारी आणून देणारा कोणीतरी लागतो. खांद्याला भिडवायला खांदा लागतो. सावलीबद्दल विचारायला आई लागते. ‘नवा शिपाई’त ते म्हणतात,

ब्राह्मण नाही, हिंदुहि नाही, न मी एक पंथाचा,
तेच पतित की जे आखडिती प्रदेश साकल्याचा

१८९८ मध्ये हे लिहिणाऱ्या माणसाला सगळ्यांत मिसळायची केवढी ओढ असली पाहिजे. बालकवींच्या जिवाने ‘कुणाला?’ म्हणून विचारलेल्या हाकेला केशवसुतांनी आधीच एक उत्तर लिहून ठेवले होते, असे मला वाटते. मोठे उत्तर नव्हे. रस्त्याने चालत राहा, कुठल्या तरी खिडकीत कोणीतरी असेल, इतपत.

आपण राहतो त्या शहरांत खिडक्यांना तोटा नाही. घोडबंदर रस्त्याच्या टॉवरांत, ऐरोली-वाशीच्या सेक्टरांत, कळव्याच्या चाळींत माणसे एकमेकांच्या डोक्यावर आणि पायाखाली राहतात. संध्याकाळी ठाणे स्टेशनच्या पुलावर गर्दीत चालताना मला ‘औदुंबर’ आठवत नाही. तसा झरा आठवावा असे काही समोर नसते, आणि आठवला तर तो हातून गेलेला म्हणून आठवतो. ‘विमनस्कपणे स्वपदे उचलित’ मात्र आठवते, कारण पुढचा, मागचा, शेजारचा, प्रत्येक जण तसाच चाललेला असतो. त्यांतला कोणी घरी जाऊन पेटी काढून बसेल हेही शक्य असते. माझ्या मजल्यावर एक आजोबा रात्री जेवणानंतर बासरी वाजवतात. चुकत माकत, तीच एक धून. खालच्या मजल्यावरून तक्रार गेली होती, ती मागे घ्या म्हणून मी सोसायटीच्या बैठकीत भांडले, आणि त्यामागे ही कविता होती.

केशवसुतांचे सगळेच मला मान्य आहे असे नाही. ‘आम्ही कोण?’ हे त्यांचे प्रसिद्ध सुनीत घ्या. आम्हांला वगळा म्हणजे तारांगणे निस्तेज होतील, हा कवीचा आढ्यपणा माझ्या गळी उतरत नाही. त्यात दुसरा माणूस नाही म्हणून असेल. ‘झपूर्झा’ची गोष्ट वेगळी. ‘प्रकाश गेला, तिमिर हरपला’ अशा ओळींत ते जिथे जातात तिथे कोणीच उरत नाही, पण ती वाट अवघड आहे आणि त्या वयाच्या मुलांवर मी ती लादणार नाही. समजावून सांगण्याची खोड, संस्कृत समासांची गाठोडी, यमकासाठी वाकवलेले शब्द, हे सगळे दोष त्यांच्या पानोपानी आहेत. ते गृहीत धरूनच मी त्यांना निवडते.

आता मागणी, आणि ती फार नाही.

यंदाच्या याद्यांत केशवसुतांची ‘सतारीचे बोल’ घाला. वेळेचा प्रश्न येत असेल तर निवडक कडवी घ्या, पण पहिले, त्वेषाचे आणि शेवटचे गाळू नका. मोठ्या गटाला ‘अंत्यजाच्या मुलाचा पहिला प्रश्न’ द्या. बालकवींची एखादी गोड कविता कमी करून ‘औदुंबर’ किंवा ‘उदासीनता’ घ्या. नववी-दहावीच्या मुलांना उदास वाटत नाही अशी कोणाची समजूत असेल तर त्यांनी एक दिवस त्या वयाच्या मुलांबरोबर बसावे. त्यांना उदास वाटते, कारण सांगता येत नाही, आणि ‘कोठुनि येते मला कळेना’ ही ओळ वाचली की निदान ते बोलता येते असे त्यांना कळते.

दुसरे, पाठांतराची सक्ती काढा. हातात कागद असू द्या. कागदाकडे पाहून वाचणारे मूल ओळीशी थांबते, पाठ केलेले मूल ओळी पळवते. हातवारे आणि पेहराव यांचे गुण रद्द करा. फुलराणीचा हिरवा झगा शिवून आणायला प्रत्येक आईला परवडत नाही, आणि झग्याचा कवितेशी संबंध नाही. त्या गुणांच्या जागी वाचून झाल्यावर मुलाला एकच प्रश्न विचारा : या कवितेत तुला काय कळले नाही? उत्तरावरून मुलाने कविता किती वाचली आहे ते परीक्षकाला लगेच समजेल.

तिसरे शिक्षकांसाठी. दोघांच्याही कवितांवर आता कोणाचा हक्क उरलेला नाही. छापायला, झेरॉक्स काढून वाटायला परवानगी लागत नाही. या पत्रात उल्लेख केलेल्या कविता मी मोठ्या टाइपात जुळवून ठेवल्या आहेत, प्रत्येक कवितेखाली कठीण शब्दांचे अर्थ आहेत. ज्या शाळेला किंवा मंडळाला हव्या असतील त्यांना मी देईन. यंदा मला परीक्षक म्हणून कुठे बोलावलेत तर स्पर्धेआधी तास-अर्धा तास मुलांबरोबर ‘सतारीचे बोल’ वाचायलाही येईन, ठाण्यात असो की बेलापूरला. त्यासाठी मानधन नको. हॉलमध्ये माइक नसला तर अधिक बरे.

आपली,
एक वाचक आणि परीक्षक
ऐरोली, नवी मुंबई